नोन्नोंची सही

मैत्रिणींनो, तुमच्या घराची कागदपत्रं तुम्ही कधी स्वतः हातात घेऊन वाचली आहेत का? विजेचं बिल नव्हे, रेशनकार्ड नव्हे, घराची. मी वयाच्या तिशीपर्यंत वाचली नव्हती. ती वाचायची असतात हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःला सहीपलीकडे एक अक्षर लिहिता येत नव्हतं. ते माझे आजेसासरे, आणि ते इटालियन होते.

तुम्ही म्हणाल, नाशिकच्या मुलीला इटालियन आजेसासरे मिळाले तरी कुठून? सांगते. १९७२ साली मी शिकायला म्हणून अमेरिकेत न्यू जर्सीला गेले. तिथे माझ्या यजमानांची ओळख झाली आणि १९७५ साली आमचं लग्न झालं. माझ्या वडिलांनी त्यानंतर दोन वर्षं मला पत्र लिहिलं नाही. आईने मात्र एका ओळखीच्या बाईंबरोबर तिची पैठणी गुपचूप पाठवून दिली.

यजमानांच्या घरची मंडळी पॅटरसनची. पॅसेइक नदीच्या मोठ्या धबधब्याशेजारी वसलेलं हे गाव एके काळी रेशमासाठी इतकं प्रसिद्ध होतं, की त्याला 'सिल्क सिटी' म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी त्या घरी जेवायला गेले ती आईची पैठणी नेसून. लांबलचक टेबल, वीसेक माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर! सासूबाई तोंडभर हसत होत्या, पण डोळे काही हसत नव्हते. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेले एकोणऐंशी वर्षांचे म्हातारे गृहस्थ उठले, माझ्याजवळ आले आणि मला न विचारताच पदराचं टोक अंगठ्या-बोटात धरून चोळू लागले. मग ते टोक खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा चोळलं. मी अंग चोरून उभी.

"यात कथिल नाही," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "रेशीम खरं आहे. रंग पक्का आहे. पोरगी चांगल्या घरची आहे. जेवायला वाढा."

झालं! माझी परीक्षा तिथेच संपली. कथिलाची भानगड मला नंतर कळली. रेशीम धुतलं की त्याचं वजन घटतं. ते भरून काढायला आणि वर आणखी वाढवायला त्या काळी कारखान्यांत कथिलाचे क्षार वापरत. कापड जड लागायचं, पण लवकर चिरायचं. नोन्नोंची सगळी हयात असल्या रेशमाच्या हौदावर गेली होती. हो, नोन्नो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मीही त्यांना नोन्नोच म्हणत असे.

त्यांचा जन्म १८९६ चा. नेपल्सपासून आत डोंगरात आवेल्लीनो नावाचा प्रांत आहे. हेझलनट आणि चेस्टनटची झाडं, दगडाळ जमीन, आणि ती जमीनही दुसऱ्याची. घरात दोन बहिणी लग्नाच्या. तिकडे मुलीबरोबर चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं यांनी भरलेली पेटी द्यावी लागे आणि वर रोख रक्कम. आपला हुंडा आणि रुखवत एकत्र केलं की जे होतं, ते. त्या दोन पेट्या भरायच्या म्हणून हा सोळा वर्षांचा मुलगा १९१२ साली नेपल्सहून बोटीत बसला, सगळ्यात खालच्या, सगळ्यात स्वस्त वर्गात. तो काही एकटा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एकेका वर्षात अडीच लाखांवर इटालियन माणसं अमेरिकेत उतरत होती.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर डॉक्टर बूट घालायच्या आकड्याने पापणी उलटी करून डोळ्यांत खुपऱ्या आहेत का ते बघत. ज्याला आजार दिसेल त्याच्या कोटावर खडूने खूण. नोन्नोंचा कोट कोरा राहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या वर्षी ते कोणी विचारलं नाही. पाच वर्षं उशीर झाला असता तर परत पाठवले गेले असते, कारण १९१७ साली कायदा झाला की सोळा वर्षांवरच्या माणसाला कुठली तरी एक भाषा वाचता आलीच पाहिजे.

गाववाल्यांच्या ओळखीने रेशीम रंगवायच्या कारखान्यात काम मिळालं. उकळते हौद, पायाखाली सतत पाणी, आणि हिवाळ्यात एवढी वाफ की शेजारचा माणूस दिसू नये. वर्ष झालं नाही तोच १९१३ च्या फेब्रुवारीत पॅटरसनचा मोठा संप सुरू झाला. चोवीस-पंचवीस हजार कामगार बाहेर पडले. आठ तासांचा दिवस ही त्यांची एक मागणी. पॅटरसनमध्ये सभा घेणं मुश्कील झालं, तेव्हा शेजारच्या हॅलडनमध्ये पिएत्रो बोत्तो या इटालियन विणकराच्या घराच्या सज्जातून पुढारी भाषणं करत आणि हजारो माणसं समोरच्या मोकळ्या जागेत उभी राहून ऐकत. ते घर आता कामगारांचं संग्रहालय झालं आहे. संप पाच महिने चालला आणि फसला. नोन्नो सांगत, "पाच महिने बटाटे खाल्ले, आणि रस्त्याकडेचा पाला." तो पाला मी नंतर पाहिला. थेट आपल्या पाथरीसारखा!

संपानंतर पुन्हा तेच हौद. एका घरात आठ माणसं पथारी टाकून राहत. त्यातला एक जण सगळ्यांची पत्रं लिही. नोन्नो आईला पैसे पाठवत. आईलाही वाचता येत नव्हतं, तिला गावचा पाद्री पत्र वाचून दाखवी. मायलेकराच्या मधे असे दोन परके! बहिणींची लग्नं झाली. १९२१ साली नोन्नोंनी स्वतः लग्न केलं, पॅटरसनमध्येच आलेल्या आपल्या प्रांतातल्या मुलीशी. धाकट्या भावालाही बोलवायचं म्हणून तिकिटाचे पैसे साठवले. तेवढ्यात १९२४ चा कायदा आला. साऱ्या इटलीला मिळून वर्षाला ३,८४५ जागा! भाऊ तिकडेच राहिला. तिकिटाच्या त्या पैशांत भर घालून १९२७ साली नोन्नोंनी दोन मजली लाकडी घर घेतलं. वरचा मजला भाड्याने, खाली आपण, मागे परसात अंजिराचं झाड.

असं सगळं ऐकलं की वाटतं, केवढा कुटुंबवत्सल माणूस! मीही लग्नानंतरची पहिली काही वर्षं असंच म्हणत होते. दर रविवारी सगळी मुलं-नातवंडं टेबलाशी आली पाहिजेत, कोणी आजारी असलं तर डबा गेला पाहिजे, नातवाच्या पहिल्या बुटांचे पैसे नोन्नोंनीच द्यायचे. आणि मला दर रविवारी दारातच प्रश्न, "आईला पत्र लिहिलंस?" लिहिलं नसेल तर आधी लिहायचं, मग जेवायचं.

पण त्या टेबलावरचं जेवण करत कोण होतं? माझ्या आतेसासूबाई. मी त्यांना मराठीतच आत्या म्हणत असे. त्यांना तो शब्द आवडे. नोन्नोंच्या तीन मुलांतल्या त्या मधल्या, जन्म १९२४ चा. लग्न केलं नाही. आधी आईचं आजारपण काढलं, मग वडिलांचं म्हातारपण. ऑगस्टअखेर टोमॅटोच्या पाट्याच्या पाट्या यायच्या. ते उकळून, गाळून, बाटलीत तुळशीसारखं एक पान टाकून, बाटल्या पुन्हा पाण्यात उकळून वर्षाची बेगमी व्हायची. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं घालतो ना, तसाच तो सोहळा. अशाच एका दिवशी, १९७८ साली, मी गरम टोमॅटो सोलता सोलता म्हटलं, "आत्या, नोन्नोंनी घरासाठी किती केलं हो!"

आत्यांनी चाळण खाली ठेवली. म्हणाल्या, "केलं. पण माझ्या पैशांनी."

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर कोणी मला सांगितलं नव्हतं. तिसाच्या दशकात मंदी आली, रेशमाची जागा रेयॉनने घेतली, कारखाने बंद पडू लागले. घराचे हप्ते थकले. १९४० साली बँकेचं शेवटचं पत्र आलं. आत्या तेव्हा सोळा वर्षांच्या, शाळेत पहिला नंबर, शिक्षिका व्हायचं म्हणून ठरवलेलं. शाळा संपायला दोन वर्षं होती. नोन्नोंनी त्यांना शाळेतून काढून कपडे शिवायच्या कारखान्यात घातलं. थोरला भाऊ हाताखालची कामं शिकत होता, त्याची शिकवणी मोडायची नाही. धाकटा, म्हणजे माझे सासरे, शाळेतच राहिला. "मुलगे पुढे घर चालवणार ना," आत्या म्हणाल्या. दर शनिवारी पगाराचं पाकीट न उघडता वडिलांच्या हातात द्यायचं. त्या पाकिटांवर घर वाचलं.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तू बोलली असतीस?"

मी गप्प बसले. मग आत्याच पुढे सांगू लागल्या. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, इटली शत्रूराष्ट्र झालं. नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन एका रात्रीत 'शत्रूदेशाचे परके' ठरले. नोन्नो त्यांतले एक. तीस वर्षं राहूनही त्यांनी नागरिकत्व मागितलं नव्हतं. आधी परत जायचं म्हणून, आणि नंतर लाज म्हणून. अर्जावर स्वतःच्या हाताने सही करावी लागे, आणि त्यांना फुली मारता येत होती तेवढीच. १९४२ च्या फेब्रुवारीत पोस्टात जाऊन फोटो आणि बोटाचा ठसा देऊन ओळखपुस्तक घ्यावं लागलं. घरातला शॉर्टवेव्हचा रेडिओ पोलिसांकडे जमा करावा लागला. तो आत्यांनीच हातगाडीवर घालून नेला. आणि थोरला मुलगा त्याच वेळी अमेरिकेच्या सैन्यात! त्या वर्षी १२ ऑक्टोबरला सरकारने इटालियनांवरचा हा शिक्का काढून टाकला, पण नोन्नोंच्या मनाला तो लागला तो लागलाच. त्याच महिन्यात एका रात्री ते मुलीपुढे येऊन बसले आणि म्हणाले, "मला माझं नाव शिकव."

"कल्पना कर," आत्या मला म्हणाल्या, "ज्याने मला शाळेतून काढलं त्याला मी अक्षरं शिकवायची! पहिल्या रात्री मी मुद्दाम बोथट पेन्सिल दिली. ते काहीच बोलले नाहीत. चाकूने टोक केलं आणि पुन्हा बसले."

वाण्याकडून येणारे तपकिरी कागद आत्या इस्त्री करून सपाट करत आणि त्यांवर नोन्नो गिरवत. दिवसभर हौदावर काम करून सुजलेली बोटं. पेन्सिल तीन वेळा मोडायची. नावाची अक्षरं जमायला अख्खा हिवाळा गेला. १९४४ साली न्यायालयात त्यांनी अर्जावर सही केली आणि ते अमेरिकेचे नागरिक झाले. प्रमाणपत्र चौकटीत घालून खोलीत लावलं. "त्या दिवशी," आत्या म्हणाल्या, "सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. आईने केक केला. माझी आठवण एकालाही झाली नाही." आणि त्यांनी चाळण पुन्हा हातात घेतली.

मैत्रिणींनो, त्या दिवसानंतर मी नोन्नोंकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू? रविवारी त्यांनी "आईला पत्र लिहिलंस?" म्हटलं की मनात यायचं, दुसऱ्यांच्या आईची एवढी काळजी, आणि पोटच्या पोरीची?

१९८० च्या २३ नोव्हेंबरला, रविवारीच, दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला. आवेल्लीनो प्रांतातली गावंच्या गावं कोसळली; हजारोंच्या घरात माणसं गेली. नोन्नोंचं वडिलोपार्जित घर, ज्यातला आपला हिस्सा त्यांनी अडुसष्ट वर्षं मनात जपला होता, ते ढिगारा झालं. घरातली माणसं वाचली हे कळायला आठवडा लागला. नोन्नो दूरदर्शन संचासमोर बसून होते, रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी परसात गेले. तिकडच्या थंडीत अंजीर टिकत नाही. म्हणून दर नोव्हेंबरात एका बाजूची मुळं तोडून, झाड आडवं करून, चरात निजवून, फळ्या, गोणपाट आणि पालापाचोळा घालून पुरून ठेवतात. वसंतात पुन्हा उभं करतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे नोन्नो आणि मी, दोघांनी मिळून ते झाड निजवलं. काम झाल्यावर कंबर धरून म्हणाले, "तिकडचं घर गेलं. आता एकच उरलं. ते कोणाचं ते लिहायला हवं."

जानेवारीत त्यांना वकिलाकडे मीच गाडीतून घेऊन गेले. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं. वकिलांनी मृत्युपत्र वाचून दाखवलं: घर आणि मागची जागा मुलीला, तिच्या एकटीच्या नावाने; बँकेतली शिल्लक दोन मुलांत सारखी. वकिलांनी हळूच विचारलं, "मुलग्यांना वाईट वाटेल, त्याचं काय?" नोन्नो म्हणाले, "घर मी एकदा घेतलं. तिने दुसऱ्यांदा घेतलं. माझे पैसे गेले असते." मग त्यांनी पेन हातात घेतलं. एक एक अक्षर, शाळकरी मुलासारखं, जीभ दातांत धरून. सहीला चांगली दोन मिनिटं लागली. वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

गाडीत बसल्यावर मी धीर करून म्हटलं, "नोन्नो, हे आत्यांना सांगा ना, आत्ताच."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. "सांगायचं कसं ते मला येत नाही, पोरी," म्हणाले. "सही येते."

१९८२ च्या फेब्रुवारीत नोन्नो गेले. मृत्युपत्र वाचलं तेव्हा घरात वादळ झालं. सासरे म्हणाले, "लग्न न झालेल्या बाईला एवढं घर कशाला?" थोरल्या काकांनी वर्षभर त्या दारात पाऊल टाकलं नाही. मला हे आधीपासून ठाऊक होतं हे कळल्यावर माझे यजमानही चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही समजूत घालायला गेले नाही. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "आत्याला शाळेतून काढलं होतं हे मला माहीतच नव्हतं." कसं असणार? कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि आत्या? वाचन चालू असताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मृत्युपत्राचं शेवटचं पान मागून घेतलं आणि सहीवरून बोट फिरवलं. "शेवटचं अक्षर अजून उलटंच वळवतात," म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं होतं." आणि मग त्या रडल्या. १९४० पासूनचं सगळं रडल्या.

नोन्नोंनी त्यांच्यावर अन्याय केला होता, तो एका सहीने पुसला गेला असं मी म्हणणार नाही. शिक्षिका व्हायचं राहिलं ते राहिलंच. पण कुटुंबासाठी झिजलेल्या त्या माणसाने, कुटुंबासाठी आपल्याइतकंच दुसरंही कोणी झिजलंय हे उशिरा का होईना ओळखलं, आणि कागदावर लिहून ठेवलं. आत्या २००९ सालापर्यंत त्या घरात राहिल्या, स्वतःच्या घरात. दर नोव्हेंबरात आम्ही जाऊन अंजीर पुरत असू.

आता माझ्या माहेरचं थोडं सांगते आणि थांबते. नोन्नोंच्या पत्रांच्या धाकामुळेच म्हणा, वडिलांचा राग १९७७ साली निवळला होता. १९९० साली ते गेले. घर त्यांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही; तेव्हा १९५६ च्या कायद्याप्रमाणे आईबरोबर आम्हां भावंडांनाही सारखा हिस्सा. भावाने हक्कसोडपत्र तयारच ठेवलं होतं. "ताई, तू काय इथे येऊन राहणार आहेस?" म्हणाला. खरंच होतं. पेन हातात घेतलं आणि दारात उभी असलेली वहिनी दिसली. वडिलांचं अंथरुणातलं दोन वर्षांचं सगळं तिने काढलं होतं. शिवणकाम करून घरदुरुस्तीचे पैसे तिने भरले होते. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, "मला हिस्सा नको, पण तो मी वहिनीला देणार." वकिलांनी सांगितलं, हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्याच नावाने होतं, वहिनीला द्यायचं तर बक्षीसपत्र करून त्याची नोंदणी करावी लागेल. दोन दिवस जास्त राहिले आणि तसं केलं. भाऊ रुसला, पुढे निवळला. वहिनी म्हणाली, "ताई, कशाला हो हे?" पण कागद तिने तिच्या कपाटात, स्वतःच्या किल्लीखाली ठेवला.

आज दुपारची झाकपाक झाली की जरा वेळ काढा. घराचे कागद कुठे आहेत ते विचारा, आणि काढून वाचा. नावं कोणाची आहेत ते बघा. हप्ते भरण्यात, म्हातारपणं काढण्यात, कोणाचे हात लागले होते तेही आठवा. ते कदाचित तुमचे असतील, कदाचित तुमच्या सासूबाईंचे किंवा नणंदेचे. मग संध्याकाळी, घरच्यांचा चहा झाला की, विषय काढा.